छत्रीची चटणी

"ह्या जागेवर कोण सही करणार?" काउंटरमागच्या मुलीनं कागदावर पेनाचं टोक टेकवून विचारलं.

"मीच."

"तुमची वर झाली की. ही खालची, नातेवाईकाची."

"मी एकटीच असते."

"असू दे हो, पण ऑपरेशनच्या दिवशी बाहेर कोणीतरी बसायला लागतं. औषध आणायचं झालं, रक्त आणायचं झालं, तर आम्ही हाक कोणाला मारायची?" मुलगी वाईट नव्हती. तिनं आवाज थोडा खाली आणला. "मिस्टर?"

"नाहीत."

"मुलगा, सून?"

मी पर्सची चेन लावली. तिचं तिलाच कळलं. कागद माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "मंगळवारी दाखल व्हायला याल ना, तेव्हा कोणाला तरी घेऊन या. बुधवारी सकाळी पहिला नंबर तुमचा आहे."

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते आणि सांगलीत भूमिअभिलेख कार्यालयात नकाशे काढायचं काम करत होते. गर्भाच्या पिशवीत गाठ होती. डॉक्टरांना तिचा आकार आवडला नव्हता. पिशवी काढायची आणि गाठ तपासायला पाठवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मस्कतच्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "मे महिन्यात येतोच आहे, तोवर थांबता नाही का येणार?" थांबता येत नव्हतं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ऑफिसात कोणाला सांगावं, तर तिथं 'पिशवी' हा शब्द नुसता उच्चारला असता तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याच्या मोजणीदारांना कळलं असतं.

उरल्या तिघी. माणिक, रत्नप्रभा आणि कुंदा. कॉलेजपासूनच्या.

मिरजेच्या हॉस्पिटलातून बसनं घरी येताना मी मनात हिशेब मांडला. एकीला गाठून विचारलं तर तिला नाही म्हणता यायचं नाही, आणि मनाविरुद्ध हो म्हणून घेणं मला आवडत नाही. तिघींना एकत्र विचारावं. मग जिला जमेल ती आपणहून हो म्हणेल, बाकीच्या दोघींना अवघड वाटणार नाही. नकाशात तीन बिंदूंवरून चौथा काढतात तसं मला ते अगदी सोपं वाटलं. त्याच दिवशी तिघींना फोन केला.

"रविवारी पाचला या. छत्रीची चटणी करते."

एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. वयाच्या पंचविशीत मी सर्वेक्षणाच्या प्रशिक्षणाला सहा महिने डेहराडूनला होते. तिथं माझ्या खोलीत हिमाचलची विमला ठाकूर होती. सोलनची. तिच्या गावाकडं मशरूम पिकायचे, आणि ती स्टोव्हवर त्यांचं काहीतरी लोण्यात परतून, घोटून पावाला लावून द्यायची. परत आल्यावर मी ते ह्या तिघींना पहिल्यांदा खायला घातलं, तेव्हा माणिकनं तोंडात घास असताना विचारलं, "हे आहे काय?" मी सांगितलं. ती ओरडली, "अगं बाई, कुत्र्याच्या छत्र्या खायला घातल्या हिनं आम्हांला!" आणि दुसरा तुकडा उचलला. तेव्हापासून ती छत्रीची चटणी. आमचं जमणं असलं की ती मी करायची, आणि जमणं माझ्याच घरी व्हायचं, कारण माझ्या घरी सासू नव्हती, नवरा नव्हता आणि कोणाच्या अभ्यासाची वेळ नव्हती. पूर्वी महिन्यातून एकदा तरी जमायचो. पुढे दोन महिन्यांनी, मग चार. त्या रविवारच्या आधी आठ महिने आम्ही जमलोच नव्हतो.

तिघी म्हणाल्या, येतो.

रविवारी दुपारी मी मशरूम घेऊन ओट्याशी उभी राहिले. एक किलो आणले होते. ते धुवायचे नाहीत, ओल्या फडक्यानं एकेक पुसायचा. मग बारीक चिरायचे, अगदी पोह्याएवढे. पातेलंभर चिरलेले मशरूम बघून वाटतं की आज वाड्यात लग्न आहे. परतायला लागलं की पाणी सोडतात आणि बसत बसत दोन वाट्यांवर येतात. लोण्यावर कांदा, लसूण, मग मशरूम, आणि पाणी पूर्ण आटेपर्यंत हलायचं नाही. मिरपूड. गॅस बंद करून कोमट झालं की घट्ट चक्का घालायचा. विमला साय घालायची, चक्का माझा. मीठ मात्र पाणी आटल्यावरच, नाहीतर ते पाणी सोडतच बसतात. हे विमलानं मला दहा वेळा बजावलं होतं.

हात त्यांचं त्यांचं काम करत होते आणि मी वाक्य जुळवत होते. 'बुधवारी माझं एक छोटंसं ऑपरेशन आहे.' छोटंसं म्हणावं की नुसतं ऑपरेशन? 'तुमच्यापैकी कोणाला जमलं तर.' हे फार अजीजीचं वाटत होतं. 'एक सही हवी आहे.' हे तलाठ्याकडं गेल्यासारखं. असं करत करत चक्का घातला, घोटलं, काचेच्या भांड्यात काढलं, वर मिरपूड भुरभुरवली. चाखून बघितलं नाही. मी कधीच बघत नाही. वाढायच्या आधी तोंड लावायचं नाही, ही आईची शिस्त. आणि माझ्या हातचं मीठ चुकत नाही असा माझा लौकिक होता. मलाही तो ठाऊक होता, जरा जास्तच.

पावाचे त्रिकोण कापून तव्यावर कडक केले. कागद टेबलाच्या खणात ठेवला, हाताला लगेच येईल असा.

पाचला माणिक आली. चप्पल काढता काढताच तिनं सुरुवात केली, "पंखा लाव आधी, आणि पाणी दे. पाणी चालतं." तिच्या मुलाचं लग्न एप्रिलात होतं. पाठोपाठ कुंदा आणि रत्नप्रभा एकाच रिक्षातून उतरल्या. मी भांडं आणून मध्ये ठेवलं, जाळी उचलली, पावाची ताटली सरकवली.

कोणी हात पुढं केला नाही.

तिघींनी एकमेकींकडं बघितलं. मग कुंदा म्हणाली, "शरू, आज संकष्टी आहे."

"आज?"

"होय की. चंद्रोदय नऊ अठराला."

"मग फोनवर बोलला का नाहीत कोणी?"

"मला तरी कुठं लक्षात होतं?" माणिक म्हणाली. "आज सकाळी सासूबाईंनी भगर भिजत घातली तेव्हा कळलं."

"मला माहीत होतं," कुंदा म्हणाली. "पण म्हटलं तुलाही माहीत असेलच. खिचडी-बिचडी करशील. तुझ्या घरी कॅलेंडर नाही का?"

होतं. भिंतीवरच होतं. सरकारी कॅलेंडर, सुट्ट्या लाल रंगात. त्यात तिथी नसतात. तिथीचं कॅलेंडर आईचं होतं, त्यावर ती दुधाचे खाडे लिहायची. ती गेली त्या डिसेंबरात मी नवीन आणलं नाही. एकटीच्या घरी दूध अर्धा लिटर, त्यात खाडा कसला.

"मी खिचडी टाकते पटकन," मी म्हटलं.

"साबुदाणा भिजायला नको?" कुंदा म्हणाली. "बस तू. चहा कर, चहा चालतो सगळ्यांना."

रत्नप्रभा बिचारी म्हणाली, "वास किती छान येतोय गं." तिच्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. ती घराबाहेर पडली की सारखी घड्याळ बघायची. तिला विचारायचंच नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. पण तिला वगळून दोघींनाच बोलावलं असतं तर तिला लागलं असतं.

मी चहा केला. भांड्यावर जाळी घातली. चहा पिताना म्हटलं, "मला तुम्हांला एक सांगायचं होतं."

"थांब, आधी माझं ऐक," माणिक म्हणाली, "नाहीतर मी विसरेन. विहीणबाईंनी काय सांगितलं असेल? म्हणे सगळ्या करवल्यांना एकसारख्या पैठण्या. एकसारख्या! आम्ही काय बँडवाले आहोत?"

पैठण्यांवर पाऊण तास गेला. मी हसले सुद्धा. माणिक बोलायला लागली की हसू येतंच, त्याला इलाज नाही. मग मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा रत्नप्रभाच्या पर्समध्ये फोन वाजला. नवऱ्याजवळ बसवलेल्या बाईचा होता, गोळी कुठं ठेवली म्हणून. ती गॅलरीत जाऊन बोलून आली आणि टेकून बसलीच नाही. मग कुंदाच्या सुनेचं बाळंतपण निघालं. मग मोदक उकडीचे की तळणीचे. साडेसात झाले.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. पण तो तोंडानं म्हणायला मला जागाच नव्हती. त्या माझ्यासाठी आल्या होत्या, उपाशीपोटी, आणि समोर खायचा पदार्थ झाकून ठेवलेला असताना अडीच तास बसल्या होत्या. चूक माझी होती. ज्या घरात कोणाचा उपास नाही, तिथं कोणाचं पारणंही नाही, आणि अशा घरातल्या बाईनं चार माणसांना जेवायला बोलवायचं तर आधी भिंत बघावी.

निघताना मी तीन डबे भरले. स्टीलचे, आईच्या वेळचे, झाकणावर तिचं नाव कोरलेले. "उद्या खा," म्हटलं. "फ्रिजमध्ये दोन दिवस राहते."

रत्नप्रभा रिक्षा थांबवायला पुढं गेली, माणिक स्कूटरची किल्ली शोधत खाली उतरली. कुंदा दारात चप्पल घालत होती. तिचा एक हात माझ्या दंडावर होता. तेवढ्यात मी विचारलं, "बुधवारी काय करतेस?"

"बुधवारी? बुधवारी पापड. डांगर करायचंय, लाटायला बायका सांगितल्यात. का गं?"

"काही नाही. सहज."

"बरं," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

मी दार लावलं. पावाचे त्रिकोण डब्यात भरून ठेवले. ही चटणी मी एकटीसाठी कधी केली नव्हती आणि एकटीनं कधी खाल्लीही नव्हती. त्या संध्याकाळीही खाल्ली नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या घाईत पोळी लाटायचा कंटाळा आला म्हणून एका पावाला लावून घास घेतला. मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. चिखल खावा तसं लागत होतं. मी ओट्याशी उभी राहून तो घास कसाबसा गिळला आणि पहिला विचार आला तो तीन डब्यांचा. मेलेच, म्हटलं. आता माणिक सोडते का मला! वर्षभराची बेगमी झाली तिची.

खरं म्हणजे मला जरा बरंच वाटलं. कोणीतरी फोन करील, हसेल, 'अगं काय झालंय तुला?' असं विचारील. आणि असं कोणी विचारलं की सांगणं सोपं असतं. मी रजेचा अर्ज देऊन टेबलाशी बसले आणि फोन वाजायची वाट बघत राहिले.

दुपारी माणिक स्वतःच आली, बाजारातून परस्पर. दोन्ही हातांत पिशव्या. डबा माझ्या टेबलावर ठेवला. "घे बाई. नंतर घरात राहतो आणि मग आपलाच म्हणून वापरला जातो." मी झाकण उघडलं. आत साखर होती. आमच्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात.

"कशी झाली होती?" मी विचारलं.

"काय झाली होती गं! बोटं चाटली सगळ्यांनी."

"मीठ बरोबर होतं?"

"अगदी बरोबर. तुझं मीठ कधी चुकलंय?" ती म्हणाली, आणि पिशव्या सावरत गेली. सोनाराकडं जायचं होतं तिला.

तिनं ती खाल्लीच नव्हती की खाऊन खोटं बोलत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. पण जी मला चटणीत मीठ नाही एवढं सांगू शकत नाही, तिला मी गाठीचं कसं सांगणार? मी साखर ऑफिसच्या चहाच्या डब्यात ओतली.

संध्याकाळी रत्नप्रभाचा फोन आला. आवाज कधी नव्हे तो खुलला होता. "शरू, अगं ह्यांनी सगळा डबा संपवला. सगळा! दोन वर्षांत मी त्यांना असं चवीनं खाताना बघितलं नव्हतं. मला एक घास ठेवला नाही. काय घातलं होतंस त्यात?"

तिच्या नवऱ्याला मीठ बंद होतं. दोन वर्षं तो अळणी भाजी आणि अळणी वरण जेवत होता.

"नेहमीचंच," मी म्हटलं. "पुन्हा करून पाठवीन."

"करशील? खरंच करशील?"

"करीन."

फोन ठेवून मी आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात बसून रडले. त्या फोनवर मी तिला बुधवारचं विचारू शकले नाही. तिच्या घरी इतक्या दिवसांनी काहीतरी चांगलं झालं होतं. त्यात आपलं कशाला घालायचं?

कुंदाचा फोन आला नाही. डबाही आला नाही. कुंदा ही आमच्यातली सगळ्यात कडक बाई. सोवळं-ओवळं, तिथी-वार, सगळं बिनचूक. तीस वर्षांत तिच्याकडून डबा रिकामा आला असं एकदाही झालं नव्हतं. लाडू, चिवडा, निदान घरच्या कढीपत्त्याची डहाळी. आता पापडांच्या गडबडीत असेल, म्हटलं. होळीला डबा येईल, भरून येईल.

मी बॅग भरली. दोन गाऊन, टॉवेल, ताट, भांडं, थर्मास. तो कागद खणातून काढला. 'रुग्णाशी नाते' असं छापलेल्या जागेपुढं, माझ्या ऑफिसच्या सवयीनं, वळणदार अक्षरात 'निरंक' लिहावं असं मनात आलं. लिहिलं नाही. उद्या त्यांच्या हातापाया पडू, म्हटलं, पाठवतील काय परत?

मंगळवारी सकाळी आठला बेल वाजली. मी रिक्षावाला समजून बॅग उचलूनच दार उघडलं. कुंदा होती. अंगावर घरातली साडी, केस नीट बांधलेले नव्हते. तिनं डबा पुढं केला.

"धर."

डबा हलका लागला. मी झाकण काढलं. आत काही नव्हतं. धुऊन पुसलेला सुद्धा नव्हता, नुसता विसळलेला, तळाला पाण्याचे थेंब.

"बघतेस काय? रिकामाच आहे. भरत बसले असते तर तू ऑफिसला निघून गेली असतीस." ती धापा टाकत होती. "काल रात्री जेवताना उघडला. मीठ नव्हतं."

"माहीत आहे."

"चिमूटभर नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, शरूच्या हातचं मीठ चुकत नाही, हिचं काहीतरी बिनसलंय. हे म्हणाले, विसरली असेल, वरून घाल आणि खा. घातलं, खाल्लं. मग भांडी आवरताना आठवलं. तू दारात मला विचारलंस, बुधवारी काय करतेस. मी म्हटलं पापड. तू काय म्हणालीस?"

"सहज."

"तू आयुष्यात कधी सहज काही विचारलंयस का गं? फूटपट्टी लावून बोलणारी बाई तू!"

आणि मग तिला माझ्या हातातली बॅग दिसली.

ती आत आली. मी कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं चष्मा आणला नव्हता, म्हणून तो खिडकीशी नेऊन, हात लांब करून वाचला. खालपर्यंत वाचला. ती रिकामी जागाही वाचली असणार, कारण तिथं तिचा हात बराच वेळ थांबला.

"कधीपासून आहे हे?"

"दोन महिने."

"आणि रविवारी आम्ही अडीच तास पैठण्या करत बसलो."

"सांगणारच होते."

"मग सांगायचं होतंस!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. "माणिकला गप्प बसवायचं होतंस. आम्हांला दोन शिव्या द्यायच्या होत्यास."

"तुमचा उपास होता. म्हटलं, उपाशी आलाय, त्यात..."

"उपास तोंडाचा होता शरू, कानांचा नव्हता."

तिनं डोळे पुसले, मग तिला राग आठवला असावा, कारण तिनं पुन्हा डब्याकडं बोट केलं. "आणि चाखून का बघितली नाहीस?"

"मी वाढायच्या आधी चाखत नाही. आई चाखू द्यायची नाही."

"ते नैवेद्याला. देवाला उष्टं चालत नाही, आणि त्याला न सांगता सगळं कळतं म्हणतात. आम्हांला तसलं काही जमत नाही गं. आम्हांला सांगावं लागतं."

तेव्हा मी रडले, अगदी लहान पोरीसारखी, हातात तो रिकामा डबा धरून. तिनं मला जवळबिवळ घेतलं नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. ती माझ्या फोनवरून घरी बोलली, "डांगर करू नका. बायकांना नाही म्हणून सांगा. उन्हाळा काय पळून जातोय का?" मग माझी बॅग उचलली आणि मला कुलूप लावायला सांगितलं.

मिरजेला काउंटरमागं तीच मुलगी होती. तिनं कागद घेतला, कुंदाकडं बघितलं.

"कोण लागता तुम्ही ह्यांच्या?"

"थोरली बहीण," कुंदा म्हणाली. पापणी हलली नाही तिची. पेन घेऊन तिनं त्या जागेत तसंच लिहिलं आणि खाली सही केली. मी तिच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी होते.

पायऱ्या चढताना मी तिला म्हटलं, "धडधडीत खोटं बोललीस."

"आज संकष्टी नाही," ती म्हणाली.

गाठ साधी निघाली. कुंदा तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती. बरी झाल्यावर मी रत्नप्रभाच्या नवऱ्यासाठी महिन्यातून एकदा बिनमिठाची चटणी करून पाठवायला लागले, तो होता तोवर. आणि दर डिसेंबरात कुंदा तिथीचं कॅलेंडर घेऊन यायची, स्वतः खिळ्याला अडकवायची आणि पुढच्या वर्षाच्या संकष्ट्यांवर माझ्याच लाल पेन्सिलीनं गोल करून जायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. दुपारी जेवून पडली, ती उठलीच नाही. कॅलेंडर आता मीच आणते. गोलही मीच करते. माझा उपास नसतो.

गेल्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायचा म्हणून सांगितलं आणि विचारलं, "सोबत कोण येईल?" मी घरी आले, फोन हातात घेतला. बोटं कुंदाच्याच नंबरावर गेली. चार आकडे दाबून झाल्यावर मी थांबले. मग माणिकला लावला.

"माणिक, पुढच्या गुरुवारी काय करतेस?"

"गुरुवारी? नातवाचं गॅदरिंग आहे बहुतेक. का गं?"

मी भिंतीकडं बघितलं. गुरुवारी गोल नव्हता.

"डोळ्याचं ऑपरेशन आहे माझं. सोबत कोणीतरी लागतं. सहज नाही विचारत."

माणिक फोनवर इतका वेळ गप्प मी कधी ऐकली नव्हती.

"शरू," ती शेवटी म्हणाली, "मागं एकदा तुझ्या चटणीत मीठ नव्हतं गं. ती संकष्टीची. मी तुझ्या ऑफिसात येऊन तोंडावर खोटं बोलले."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

तिच्या मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"गुरुवारी किती वाजता येऊ?" तिनं विचारलं.